परकी गांधीलमाशी आणि गृहस्थाची अहिंसा

गृहस्थाने आपल्या बागेतले जीव मारावेत की नाही, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनाला नवा नाही. नांगराच्या फाळाखाली चिरडले जाणारे किडे, धान्यातले टोके, सरपणाबरोबर जळणाऱ्या मुंग्या यांचा विचार स्मृतिकारांनी, जैन आचार्यांनी आणि बौद्ध विनयकारांनी आपापल्या परीने केला आहे. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसले, तरी प्रश्नाची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच आहे: एका बाजूला माणसाचे जगणे, दुसऱ्या बाजूला एखाद्या क्षुद्र जीवाचे जगणे. गेल्या शतकात या मांडणीत तिसरा पक्ष येऊन उभा राहिला. माणसाच्या दळणवळणाबरोबर, जाणूनबुजून किंवा नकळत, आपल्या मूळ प्रदेशाबाहेर पोहोचलेली, तेथे कोणाच्या मदतीशिवाय फोफावणारी आणि तेथल्या मूळच्या जीवसृष्टीच्या मुळावर येणारी प्रजाती, जिला जीवशास्त्रात आक्रमक परकी प्रजाती म्हणतात, तिला मारणे ही उघडच हिंसा आहे. पण तिला हात न लावणे म्हणजे तिच्याकडून होणाऱ्या दुसऱ्या हिंसेकडे डोळेझाक करणे होय. न्यूझीलंडमधल्या परसबागांत गांधीलमाश्यांच्या निमित्ताने हा पेच दर उन्हाळ्यात प्रत्यक्ष उभा राहतो, आणि अहिंसेच्या जुन्या सिद्धान्तांची कसोटी पाहण्यासाठी त्याच्याइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

न्यूझीलंडमध्ये मूळची सामाजिक गांधीलमाशी, म्हणजे राणी आणि कामकरी अशी विभागणी करून वसाहतीने राहणारी गांधीलमाशी, एकही नव्हती. तेथल्या मूळच्या गांधीलमाश्या एकांड्या आहेत. त्यांतल्या काही कोळ्याला डंखाने बधिर करून बिळात नेतात आणि पिलांचे खाद्य म्हणून ठेवतात. युरोपातली जर्मन गांधीलमाशी १९४५ च्या सुमारास विमानांच्या सुट्या भागांच्या खोक्यांतून हॅमिल्टन शहराजवळ उतरली, आणि तिच्याच कुळातली ‘सामान्य’ गांधीलमाशी १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्थिरावून काही वर्षांतच दक्षिण बेटाच्या उत्तरेकडल्या बीच वृक्षांच्या जंगलांत तिच्यापेक्षा वरचढ ठरली. या जंगलांत झाडांच्या सालीत एक खवले कीड राहते आणि तिच्या शरीरातून निघालेल्या केसासारख्या पांढऱ्या नळीच्या टोकाला गोड रसाचा थेंब लोंबत असतो. आंब्यावर तुडतुडे पडले की पानांवर जो चिकटा येतो, त्याच जातीचा हा रस होय. तुई, कोरिमाको, काका यांसारख्या स्थानिक पक्ष्यांचे आणि असंख्य कीटकांचे पोषण त्यावर चालते. उन्हाळा सरताना, गांधीलमाश्यांची संख्या शिगेला पोहोचते तेव्हा, यातला बहुतांश रस त्याच फस्त करतात. एका हेक्टरात सरासरी बाराच्या आसपास पोळी आढळतात, आणि माश्यांचे एकूण वजन त्याच जंगलातले पक्षी, उंदीर आणि स्टोट नावाचे मुंगसासारखे प्राणी यांच्या एकत्रित वजनाइतके किंवा त्याहून अधिक भरते. जाळे विणणारा कोळी माश्यांच्या हंगामात शेवटपर्यंत जिवंत राहण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते, असेही अभ्यासकांना आढळले आहे.

परसबाग हा या जंगलाचाच एक कोपरा ठरतो. वसंतात, म्हणजे तेथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, हिवाळाभर निद्रिस्त राहिलेली एकटी राणी जमिनीतले पोकळ बीळ, दगडी बांधातली फट किंवा छपराखालची सांदी शोधते, वाळलेले लाकूड चावून त्याच्या लगद्याचे कागदी पोळे बांधते आणि पहिली काही पिले स्वतःच पोसते. पुढे काम कामकऱ्यांच्या हाती जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पोळ्यात हजारो माश्या होतात. त्या सफरचंदे व द्राक्षे कोरतात, भाजीवरच्या अळ्या पकडून नेतात, आणि पोळ्याजवळ गवत कापणाऱ्याला एकाच वेळी अनेक डंख बसतात. उपद्रवाबरोबर थोडा उपकारही करणारी ही माशी गृहस्थाच्या दृष्टीने सहन करता येण्याजोगी असू शकते; कोळ्यांच्या आणि कोरिमाकोच्या दृष्टीने ती तशी नाही. म्हणूनच येथे विचारायचा प्रश्न स्वसंरक्षणापुरता मर्यादित राहत नाही. ज्या जीवाचा काहीही अपराध नाही, पण ज्याचे त्या ठिकाणी असणेच इतरांच्या नाशाचे कारण आहे, त्याला मारण्याचा अधिकार किंवा कर्तव्य माणसाकडे येते काय, आणि येत असल्यास त्या कृत्याचे नैतिक स्वरूप काय, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आरंभीच बाजूला सारले पाहिजे. माशी परकी आहे म्हणून ती वध्य, असे म्हणता येत नाही, कारण ज्या मधमाशीला जपण्यासाठी गांधीलमाशीवरचे विष गोडाशिवाय बनवले जाते, ती मधमाशीही न्यूझीलंडला परकीच आहे. १८३९ मध्ये मेरी बम्बी या मिशनरी कुटुंबातल्या महिलेने होकिआंगा येथे तिच्या पेट्या आणल्या. त्या बागेतले गुलाब, सफरचंद आणि टोमॅटोही बाहेरूनच आले, आणि ऑकलंड-वेलिंग्टनमध्ये घर करून राहणाऱ्या मराठी कुटुंबांसह तेथले बहुसंख्य रहिवासीही कधीतरी समुद्र ओलांडूनच आले. परकेपणा हा दोष मानला तर तो विचार माशीपाशी थांबत नाही, माणसांपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि विसाव्या शतकाने त्याचे परिणाम पाहिले आहेत. विचारात घ्यायचा मुद्दा एवढाच की एखाद्या जीवामुळे त्या ठिकाणी नेमके काय घडते. त्यामुळे ‘शत्रू’, ‘घुसखोर’, ‘युद्ध’ ही भाषा शास्त्रीय माहितीपत्रकांत कितीही रुळली असली, तरी ती कृत्याचे कारण सांगत नाही, फक्त कर्त्याचा द्वेष जागा करते. आणि भारतीय नीतिविचारात द्वेषाने केलेली हिंसा ही त्याच बाह्य कृतीपेक्षा अधिक जड मानली गेली आहे.

माशीच्या स्वभावात नैतिक अर्थ शोधण्याचा मोहही तितकाच फसवा आहे, आणि तो किती फसवा आहे हे दोन परंपरांनी जवळजवळ सारख्याच दृश्यातून काढलेल्या उलट अर्थांवरून दिसते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये शेवटचा गुरू म्हणून भिंतीत घर करणारा कीटक येतो: त्याने कोंडलेली अळी त्याच्या भयाने त्याचेच चिंतन करीत राहते आणि तद्रूप होते, हा भ्रमरकीटन्याय पुढे एकनाथी भागवतातून मराठी मनात पक्का रुजला. प्रत्यक्षात मातीचे घर करणारी कुंभारीण अळीला डंखाने बधिर करून घरात ठेवते, तिच्याजवळ अंडे घालते, आणि काही दिवसांनी बाहेर पडणारी माशी ही त्या अळीला खाऊन वाढलेली असते. ज्या घटनेत भक्तिपरंपरेने जीव-शिवाचे ऐक्य पाहिले, तिच्याशी मिळत्याजुळत्या घटनेत, जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या परजीवी माश्यांच्या व्यवहारात, चार्ल्स डार्विनला परमेश्वराच्या दयाळूपणावर संशय घेण्याचे कारण दिसले. १८६० मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने ते स्पष्ट नोंदवले आहे. माशी स्वतः ना साधक आहे ना क्रूर. तिच्या वधाचे समर्थन तिच्या दुष्टपणावर उभारता येत नाही, आणि तिचा बचावही तिच्या पावित्र्यावर उभारता येत नाही. जे काही नैतिक आहे ते सगळे माणसाच्या बाजूला उरते.

माणसाच्या बाजूचा सर्वांत सूक्ष्म हिशेब जैन दर्शनाने मांडला आहे. तत्त्वार्थसूत्रानुसार प्रमत्त, म्हणजे बेसावध आणि कषायांनी ग्रासलेल्या, मन-वाणी-देहाच्या व्यापारामुळे होणारा प्राणघात ही हिंसा होय. कषाय म्हणजे क्रोध, मान, माया आणि लोभ हे आत्म्याला गढूळ करणारे विकार. इंद्रियांच्या संख्येवरून केलेल्या वर्गीकरणात भुंगा, माशी, गांधीलमाशी हे स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी असलेले चतुरिंद्रिय जीव ठरतात, म्हणजे मुंगीपेक्षा त्यांचे स्थान एक पायरी वरचे आहे. श्रावकासाठी, अर्थात गृहस्थ अनुयायासाठी, हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: घरकामात होणारी आरंभी, व्यवसायात होणारी उद्योगी, प्रतिकारात होणारी विरोधी आणि मारायचे ठरवून केलेली संकल्पी. यांतली पहिली तीन त्याने शक्य तितकी कमी करावयाची असतात. चौथी त्याला पूर्ण वर्ज्य आहे. दारावरच्या पोळ्यातून मुलांना डंख बसत असतील तर त्याचा नाश विरोधी हिंसेत मोडेल; पण बागेच्या टोकाला असलेले, कोणालाही न चावणारे पोळे केवळ जंगलातल्या कोळ्यांसाठी नष्ट करणे हे संकल्पी हिंसेच्या इतके जवळ जाते की तेथे सूट मागणे कठीण होते.

दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अमृतचंद्र या दिगंबर आचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हीच वाट मुद्दाम बंद केली आहे. एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेकांचे प्राण वाचतात, अशा समजुतीने हिंस्र जीवाला मारू नये, असे ते स्पष्ट सांगतात. हिंस्र जीव जगला तर पापच साठवील, म्हणून त्याच्यावर दया करून त्याला मारावे, हा युक्तिवादही ते फेटाळतात. या निषेधामागची चिंता खरी आहे. जीव जीवावर जगतो हे एकदा मान्य केले की वाचवण्यासाठी मारण्याच्या गणिताला शेवट राहत नाही, आणि गणित करणारा माणूस स्वतःला सृष्टीचा न्यायाधीश समजू लागतो. आधुनिक पाश्चात्त्य चर्चेतही हाच वाद वेगळ्या शब्दांत झाला. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमिनीतीच्या विचाराने एकेका प्राण्यापेक्षा संपूर्ण जीवसमुदायाचे आरोग्य हे योग्यायोग्यतेचे माप ठरवले, तर टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये प्राण्यांच्या हक्कांची मांडणी करताना, समुदायासाठी व्यक्तीचा बळी देणाऱ्या अशा विचारात हुकूमशाहीचा वास येतो अशी कठोर टीका केली. अमृतचंद्रांची भूमिका रेगन यांच्याहून हजारभर वर्षांनी जुनी आहे आणि मोक्षदृष्टीवर उभी आहे, पण दोघेही एकाच ठिकाणी हात पुढे करून थांबवतात: दुसऱ्याच्या हिताचा हवाला देऊन निरपराध जीवाला मारता येत नाही.

तरीही गांधीलमाशीचे प्रकरण अमृतचंद्रांच्या उदाहरणात पूर्ण बसत नाही. त्यांच्यापुढे असलेला माणूस हा वाघ आणि हरिण यांच्यामधला त्रयस्थ आहे; दोघेही आपापल्या स्वभावाने आणि कर्माने तेथे आलेले आहेत, आणि मधे पडण्याचे त्याला काही कारण नाही. न्यूझीलंडच्या जंगलात माणूस त्रयस्थ नाही. कोळी आणि ही माशी यांची गाठ कधी पडलीच नसती, ती खोके न तपासता उतरवणाऱ्या माणसाच्या बेसावधपणाने पडली. तत्त्वार्थसूत्राच्याच भाषेत सांगायचे तर मूळ हिंसा तेथे प्रमादातून घडली आणि ती अजून चालू आहे. लावलेली आग पसरत असताना लावणाऱ्याने हातावर हात ठेवून बसणे याला कोणतीही परंपरा अहिंसा म्हणणार नाही. बागेच्या आजच्या मालकाने ते खोके आणले नव्हते, हा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही, कारण माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन येतो असे मानणाऱ्या विचाराला न केलेल्या कर्जाची फेड अपरिचित नाही; ज्या जमिनीचे उत्पन्न वारशाने मिळते, तिच्यावरचा बोजाही वारशानेच येतो.

गांधीजींच्या आयुष्यातले दोन वाद याच सीमारेषेवरचे आहेत. १९२६ मध्ये अहमदाबादेत एका गिरणीमालकाने भटकी कुत्री मारवली तेव्हा, आणि १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला सुई टोचून मरण दिले तेव्हा, त्यांनी उघड समर्थन केले आणि जैन व वैष्णव वाचकांचा रोष पत्करला. दुसऱ्या कृतीला अमृतचंद्रांचा थेट निषेध लागू पडतो, कारण दुःखातून सुटका म्हणून मारणेही त्यांनी नाकारले आहे. पण गांधीजींच्या मांडणीतला लक्षात घेण्याजोगा भाग समर्थन हा नसून त्याची मर्यादा हा आहे: कुत्र्यांना मारणे हे त्यांनी निर्दोष ठरवले नाही, तर भटकी कुत्री निर्माण होऊ देणाऱ्या समाजाच्या निष्काळजी दयेचे ते फळ मानले, आणि मारणाऱ्याइतकेच रस्त्यात तुकडा फेकून मोकळे होणाऱ्यालाही जबाबदार धरले.

मारण्याचे कर्तव्य अशा रीतीने सिद्ध झाले, तरी त्यामुळे हिंसेचे अहिंसेत रूपांतर होत नाही. बौद्ध अट्ठकथांनी, म्हणजे पाली भाष्यग्रंथांनी, प्राणघाताची पाच अंगे सांगितली आहेत: जीव असणे, तो जीव आहे हे माहीत असणे, मारण्याचा हेतू असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि मृत्यू घडणे. संध्याकाळी पोळ्याच्या तोंडात विषारी भुकटी फुंकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही पाचही अंगे पूर्ण होतात, आणि हेतू कितीही चांगला असला तरी यादीतले एकही अंग गळत नाही. कीडनियंत्रणाच्या माणसाला बोलावून, त्याचे बिल चुकते करून या हिशेबातून सुटण्याचा मार्गही बंद आहे, कारण योगसूत्रे आणि जैन आचारग्रंथ दोन्ही कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान डोलावून मान्य केलेली, अशा तिन्ही हिंसा धरतात. पैसे देऊन केवळ हात स्वच्छ राहतात.

या ठिकाणी मनुस्मृतीतली पंचसूनांची कल्पना उपयोगी पडते. सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने होत, कारण त्यांचा वापर केल्याशिवाय घर चालत नाही आणि वापर केला की जीव मरतातच. त्यांच्या निष्कृतीसाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले असून त्यांतला भूतयज्ञ हा कुत्री, कावळे आणि किडामुंगी यांच्यासाठी अन्न बाजूला काढण्याचा आहे. मराठी घरातला काकबळी आणि गोग्रास त्याच वळणाचा आहे. एक फरक मात्र लपवून चालणार नाही. चुलीतली मुंगी हेतूशिवाय मरते, पोळ्यातली माशी हेतुपूर्वक मारली जाते. म्हणून पंचसूनांचा आधार घेऊन गृहस्थाला परवानगी मिळत नाही. त्या कल्पनेतून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. टाळता न येणारी हिंसा तेथे पुण्य ठरत नाही आणि तिच्यासाठी संसार सोडावाही लागत नाही. तिच्यातून एक देणे निर्माण होते, आणि ते देणे ज्यांची हानी झाली त्यांच्याच सृष्टीला परत करावयाचे असते. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा मांसविक्रेता धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला शेतीतही असंख्य जीव मरतात हे ऐकवतो, तेव्हा तो खाटिकखान्याचे गुणगान करीत नसतो. आपल्या हातून काय घडते ते न पाहणाऱ्याचा अहंकार तो मोडतो.

असे देणे मानणाऱ्याचे आचरण अगदी व्यावहारिक तपशिलांत दिसू लागते. पहिला तपशील ओळखीचा आहे: काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची प्रत्येक माशी वध्य नसते, आणि कोळी ओढत नेणारी स्थानिक एकांडी माशी घाईने चिरडणे ही ज्यांच्यासाठी हे सारे चालले त्यांचीच हत्या होय. दुसरा वेळेचा आहे. न्यूझीलंडमध्ये वापरात असलेल्या व्हेस्पेक्स या आमिषात फिप्रोनिल हे कीटकनाशक ०.१ टक्का असते आणि ते प्रथिनयुक्त खाद्यात मिसळलेले असते. साखर नसल्याने मधमाश्या त्याकडे वळत नाहीत, आणि कामकरी माश्या ते पिलांसाठी पोळ्यात नेतात. पण पोळ्याला प्रथिनांची गरज नसेल तेव्हा ते मांडून उपयोग नसतो, म्हणून आधी मांजराचे माशाचे खाद्य उघड्यावर ठेवून त्यावर गांधीलमाश्या येतात का हे पाहिले जाते, आणि त्या आल्या तरच विष मांडले जाते. बिळातल्या पोळ्यावर भुकटी टाकायची ती अंधार पडल्यावर, माश्या घरी परतल्या असताना, आणि त्यांना लाल रंग दिसत नसल्याने लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात. बिळात पेट्रोल ओतण्याने माशीबरोबर मातीतले सारेच जीव मरतात. तिसरा तपशील परिणामाचा आहे. जर्मन माशी पसरू लागली तेव्हा राण्या पकडून आणणाऱ्यांना मोबदला देण्यात आला आणि पुष्कळ राण्या जमा झाल्या. पण वसंतात बहुतेक राण्या एरवीही मरतातच, त्यामुळे माश्यांच्या एकूण संख्येवर त्याचा परिणाम दिसला नाही. ज्या मारण्याने कोणीच वाचत नाही, त्याला कर्तव्याचे नाव देता येत नाही. उपयोग होतो की नाही हे तपासणे हा येथे नीतीचाच भाग आहे.

या तिन्ही तपशिलांत एकच गुण समान आहे, आणि जैन परंपरा त्याला अप्रमाद, म्हणजे अखंड सावधपणा म्हणते. प्रमादाने माशी आली, प्रमादाने चुकीची माशी मरते, आणि प्रमादानेच पोळे वाढून हजारोंचे होते. एप्रिलमध्ये भरलेले पोळे नष्ट करणारा गृहस्थ हजारो जीव मारतो; तेच पोळे ऑक्टोबरात, एक राणी आणि मूठभर घरे असताना, शोधून काढणारा काही थोडेच मारतो; आणि बांधातल्या फटी बुजवून, छपराखालच्या सांदी बंद करून, गळलेली फळे वेळच्या वेळी उचलून आपल्या अंगणात माशीला ठावच न देणारा बहुधा एकही मारत नाही. पूर्ण अहिंसा या बागेत कोणाच्याही आवाक्यात नाही, पण तिच्याकडे जाणारी वाट डोळे मिटून दयेचा उच्चार करण्यातून जात नाही, तशी विषाचा डबा हातात घेऊन निर्दोषत्वाचा दावा करण्यातूनही जात नाही. आपल्या अंगणात काय घडते आहे ते हंगामाच्या आरंभापासून पाहत राहणे आणि मारावे लागले तर ते मारणे हिंसाच आहे हे जाणून त्याची भरपाई स्थानिक झाडे लावून, पक्ष्यांचे आणि कोळ्यांचे आसरे राखून करीत राहणे, इतकेच गृहस्थधर्माला येथे शक्य आहे, आणि तेवढे त्याच्यावर बंधनकारकही आहे.